साडेसातचं इंजेक्शन

आमच्या कुत्रीला मधुमेह झालाय हे आम्हाला तिच्या पाण्यावरून कळलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. गॅलरीत तिच्यासाठी स्टीलचं एक पसरट भांडं ठेवलेलं असायचं, ते एरवी दिवसातून एकदा भरलं की पुरायचं. त्या महिन्यात मी ते चार-चारदा भरायला लागलो. मला वाटलं, ऑक्टोबरचा उकाडा. मग एका सकाळी हॉलमध्ये मोठं तळं साचलेलं दिसलं आणि कुत्री कोपऱ्यात तोंड लपवून बसलेली. इतक्या वर्षांत तिने घरात असं कधी केलं नव्हतं.

बायको शाळेत जायच्या घाईत होती. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते, सकाळचं सत्र असतं. तिने पोछा मारला, हात धुतले आणि कुत्रीकडे नीट बघितलं.

"ही वाळलीये रे. खाते तर बकासुरासारखं. पाठीची हाडं बघ."

मी हात फिरवला. खरंच, मणके मोजता येत होते.

ही कुत्री आमच्या मुलीने आणलेली. चारकोपच्या मार्केटमागे फिरायची, एका कानाचं टोक कापलेलं, म्हणजे रस्त्यावर असतानाच तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. मुलगी कॉलेजात होती तेव्हा. पुढे मुलगी नोकरीसाठी बंगलोरला गेली आणि कुत्री आमच्याकडे राहिली. मी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, साडेनऊला निघायचं. त्यामुळे सकाळी तिला फिरवणं, खायला घालणं माझ्याकडे. तशी ती माझीच झाली होती.

बोरिवलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण आणि भराभर बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली आणि सांगितलं, "डायबेटिस आहे. दिवसातून दोनदा इन्शुलिन द्यावं लागेल. बारा तासांच्या अंतराने, खाणं झाल्यावर. रोज. कायम."

"गोळी नाही का?" मी विचारलं.

"माणसांत चालते. हिला नाही चालणार. आणि सर, खाणं ठरलेल्या वेळी, ठरलेलं तेवढंच. बिस्किटं बंद."

बिस्किटं बंद हे ऐकून मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर स्वतःबद्दल जास्त वाईट वाटलं. मला सुईची भीती वाटते. नुसती भीती नाही, रक्ताची तपासणी असली की मला आडवं करूनच सुई टोचावी लागते. लग्नानंतर एकदा मी पॅथॉलॉजीच्या खुर्चीवरून सरळ खाली आलो होतो. बायको अजून त्यावर हसते. आता ती सव्वासहाला घर सोडणार, संध्याकाळी ती असेल, पण सकाळी साडेसातला मी आणि कुत्री दोघंच.

दवाखान्यात त्यांनी मला मोसंब्यावर सराव करायला लावला. मोसंबं काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, तिने वाटी चाटूनपुसून संपवल्यावर, मी तिच्या मानेमागची कातडी चिमटीत धरली, डोळे अर्धवट मिटले आणि सुई खुपसली. ती कातडीच्या एका बाजूने शिरली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येऊन माझ्या अंगठ्यात घुसली. मी केवढ्याने तरी ओरडलो. कुत्रीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. औषध सगळं तिच्या केसांत.

दोन मिनिटांत दारावरची बेल वाजली. दारात खालच्या काकू.

खालच्या काकू म्हणजे आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमधल्या. सत्तरी ओलांडलेल्या, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या, नवरा गेल्यापासून एकट्या. आमचं त्यांच्याशी फारसं बरं नव्हतं. कुत्र्याने लिफ्ट वापरू नये असा अर्ज सोसायटीला त्यांनीच दिला होता, आणि तोही शुद्ध कचेरीच्या भाषेत, मुद्दे एक ते पाच. जिन्यात समोरासमोर आलो की त्या भिंतीकडे बघायच्या आणि मी मोबाइलकडे.

"कोणाला मारताय का काय?" त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या सिरिंजवर गेली. "हे काय?"

मी सांगितलं. अंगठा चोखत सांगितलं.

त्या चपला काढून आत आल्या. टेबलावरची बाटली उचलून नाकाशी धरली, चष्म्याच्या वरून लेबल वाचलं. "चाळीस युनिटचं आहे. मग लाल टोपणाचीच सिरिंज हवी. हो, लालच आहे. बरं. ही बाटली तुम्ही हलवली होती का?"

"हो, खूप."

"ताक घुसळताय का? अशी तळहातात फिरवायची. हळू." आणि त्यांनी दोन तळव्यांमध्ये बाटली फिरवून दाखवली, वात वळतात तशी. "किती गेलं आत?"

"काहीच नाही बहुतेक. सगळं बाहेर सांडलं."

"बहुतेक म्हणजे? खात्री नसेल तर परत द्यायचं नाही. एक वेळ चुकली तर चालते, दोनदा गेलं तर जीव जातो. डॉक्टरला फोन करा."

मी फोन केला. डॉक्टरीणबाईंनी शब्दशः तेच सांगितलं. काकू उठल्या. "संध्याकाळी किती वाजता?"

"साडेसात."

"येते," म्हणाल्या आणि गेल्या. कुत्रीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी त्या खरंच आल्या. बायको दार उघडून बघतच राहिली, कारण तिला मी हे सांगायचं विसरलो होतो. काकूंनी पदर खोचला, कुत्रीच्या मागे पाटावर बसल्या, कातडीचा तंबूसारखा उंचवटा केला आणि टोचून मोकळ्या. कुत्री वाटी चाटतच होती. तिला कळलंही नाही.

"झालं?" बायको म्हणाली.

"झालं. यात आहे काय? मी रोज घेते की."

आम्हा दोघांनाही हे माहीत नव्हतं. बारा वर्षं एकाच बिल्डिंगमध्ये राहून माहीत नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी साडेसातला त्या वर यायला लागल्या. संध्याकाळचं बायको एका दिवसात शिकली, तिचा हात पहिल्यापासूनच धीट. सकाळी काकू द्यायच्या आणि मी बाजूला उभा राहून बघायचो; पहिले काही दिवस तर नुसताच उभा, बघायचो पंख्याकडे. मग काकू म्हणाल्या, "इकडे बघा. पंख्याला डायबेटिस नाहीये." तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सिरिंज माझ्या हातात दिली आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. माझ्या कपाळावर घाम आला. त्यांनी धीराचं काहीही म्हटलं नाही, फक्त म्हणाल्या, "चिमटीच्या टोकाला नाही, बुडाशी." मी टोचलं. गेलं. त्या दिवशी कारखान्यात मी तीन जणांना ही गोष्ट सांगितली आणि तिघांनीही मला चहा पाजला नाही.

मला जमायला लागलं, तरी काकू यायच्या थांबल्या नाहीत. चहा घ्यायच्या, बिनसाखरेचा. एकदा येताना त्यांच्या हातात एक छोटा डबा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, म्हणाल्या, "माझंही इथेच घेऊ का? तुम्हाला चालत असेल तर."

त्या दिवशी कुत्रीचं झाल्यावर त्यांनी स्वतःचं इंजेक्शन घेतलं, आमच्या डायनिंग टेबलाशी बसून, पोटावर, साडी जराशी सरकवून. मी पंख्याकडे बघितलं. पण आता सभ्यपणा म्हणून. त्यांनी सिरिंज डब्यात ठेवली आणि सांगितलं, "अठरा वर्षं झाली. यांना बघवायचं नाही, म्हणून मोरीत उभी राहून घ्यायचे. मग ते गेले, तरी मोरीतच घेत राहिले. सवय. कोणासमोर आज पहिल्यांदा."

मी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. कुत्री त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपली होती, आणि त्यांनी पाय काढून घेतला नव्हता.

त्या हिवाळ्यात कुत्री भरली. मणके दिसेनासे झाले, पाण्याचं भांडं पुन्हा दिवसभर पुरायला लागलं, हॉल कोरडा राहायला लागला. कानाच्या कडेला सुई टोचून थेंबभर रक्त काढायचं आणि मशीनवर साखर बघायची, हेही मी शिकलो. उकडलेली कोंबडी, दुधी, थोडी नाचणी, सगळं तागडीत तोलून. वॉचमनला मी हात जोडून सांगितलं की हिला बिस्कीट देऊ नका. तो म्हणाला, "माझ्या आईला पण शुगर आहे साहेब," आणि त्यानंतर बिस्कीट देणाऱ्या बाकीच्यांवर तोच ओरडायला लागला.

आणि मग वैशाख पौर्णिमेला माझ्याकडून घोळ झाला.

पौर्णिमा म्हणून मलाही सुट्टी होती आणि बायकोलाही. तिने आदल्या संध्याकाळी तांदूळ भिजत घातले होते, पहाटे उठून खीर केली, पांढरी साडी नेसली आणि सातला विहारात वंदनेला गेली. मी झोपलो होतो. सव्वासातला उठलो. कुत्री वाटीजवळ बसून माझ्याकडे बघत होती, रोज बघते तशीच. मी तिला खायला घातलं. तिने अर्धंच खाल्लं. उन्हाळा आहे, नसेल भूक, मी म्हटलं. काकू आल्या, त्यांचं त्यांनी घेतलं, मी कुत्रीला दिलं, चहा झाला, काकू खाली गेल्या.

दहाच्या सुमाराला मी पेपर वाचत होतो. कुत्री उठली आणि भिंतीवर जाऊन आपटली. मागे सरकली, परत तिथेच आपटली. मी हाक मारली तर तिने माझ्याकडे न बघता भलतीकडेच बघितलं. मग तिचे मागचे पाय फाकले आणि ती खाली बसली, बसली म्हणजे कोसळलीच, आणि थरथरायला लागली.

मी जिन्यात जाऊन ओरडलो, "काकू!"

त्या धावतच आल्या, अनवाणी. एकदा बघितलं फक्त. "हिची साखर उतरलीये. अरे बघत काय बसलास, साखर आण! वाटीत घे, दोन थेंब पाणी, दाट कालव."

मी आणली. त्यांनी बोटाने ती चिकट साखर कुत्रीच्या हिरड्यांवर चोळली, गालाच्या आतून चोळली, पुन्हा चोळली. "घशात ओतायचं नाही, ठसका लागेल. नुसतं चोळायचं." मी तिचं डोकं धरून बसलो होतो. ते डोकं माझ्या हातात थडथडत होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग तिने जीभ बाहेर काढली आणि काकूंचं बोट चाटलं.

"आता खायला काय आहे घरात? पटकन जाईल असं?"

घरात खीर होती. वेलची घातलेली, केशराची काडी वर टाकलेली. मी वाटीभर आणली. ती बसल्याबसल्या हळूहळू चाटायला लागली. काकूंनी भिंतीला टेकून डोळे मिटले.

तेवढ्यात बायको आली. दारातच थबकली. मी काही सांगायच्या आत तिनेच विचारलं, "तू परत दिलंस का तिला? मी निघताना दिलं होतं. खाणं पण घातलं होतं."

तेव्हा सगळं लक्षात आलं. दोनदा गेलं होतं.

रिक्षात कुत्री काकूंच्या मांडीवर होती. पौर्णिमेच्या पूजेला नेसलेली त्यांची रेशमी साडी, तिच्यावर कुत्रीचे केस, खीर आणि साखरेचा राडा. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं आणि सांगितलं, "वेळेवर साखर चोळलीत म्हणून आणलीत इथपर्यंत. औषधाचा जोर अजून आहे, संध्याकाळपर्यंत राहू दे." आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. एक वाजला तशी बायको उठली, बाहेर गेली आणि काकूंसाठी पोळीभाजीचा डबा घेऊन आली. "तुम्ही सकाळी इन्शुलिन घेतलंय. आधी जेवा." मला एवढ्या गडबडीत ते सुचलं नव्हतं.

काकू जेवल्या. डबा बंद करताना म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी मी अशीच स्वयंपाकघरात पडले होते. ओट्यावर साखरेचा डबा दिसत होता, पण हात पोहोचत नव्हता. शेवटी गुळाची ढेप खालच्या फळीवर होती, ती चाटली." त्या हसल्या. "कुत्र्यासारखीच."

"कोणाला सांगितलं नाहीत?" बायको म्हणाली.

"कोणाला सांगू? तुम्हाला? मी तुमच्याविरुद्ध अर्ज दिलेला."

बायको पण हसली, मग तिचे डोळे भरून आले, मग तिने माझ्यावर राग काढला. "आणि तू! फोन करून विचारायला काय होतं रे?" लगेच म्हणाली, "मीपण सांगून जायला हवं होतं. चिठ्ठी तरी ठेवायला हवी होती."

सहाला कुत्री स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. घरी आल्याबरोबर बायकोने फ्रिजवर कॅलेंडर लावलं, दोरीला पेन बांधलं. ज्याने दिलं त्याने खूण करायची, आणि खूण बघितल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. काकूंनी त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे दिली. पावणेआठपर्यंत त्या वर आल्या नाहीत तर मी खाली जाऊन बघायचं, असं ठरलं. आणि रिक्षाच्या त्या दिवसापासून त्या मला 'अरे तू' करायला लागल्या, ते तसंच राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात कुत्रीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की मधुमेहाच्या कुत्र्यांना तो येतोच बहुतेक, आणि झपाट्याने येतो. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही डोळे दुधाळ झाले. ऑपरेशन होऊ शकलं असतं, पण तिचं वय, भूल, साखर, सगळं बघून आम्ही नको म्हटलं. मला फार लागलं ते. तिला मात्र तेवढं लागलेलं दिसलं नाही. आठवडाभर ती खुर्च्यांना धडकली, मग बायकोने खुर्च्यांच्या जागा पक्क्या केल्या आणि तिने घर पाठ केलं. गॅलरीपर्यंत सरळ, मग उजवीकडे पाण्याचं भांडं. काकूंची पावलं ती जिन्यातूनच ओळखायची आणि शेपटी जमिनीवर आपटायला लागायची.

जिना मात्र तिला जमेना. सोसायटीच्या सभेत कोणीतरी लिफ्टचा विषय काढला, की असा अर्ज पूर्वी आलेला आहे. काकू उभ्या राहिल्या. "अर्ज माझाच आहे आणि माझं मत बदललेलं नाही. कुत्र्याने लिफ्ट वापरू नये. पण ही पेशंट आहे. पेशंटला जिन्याने पाठवतात का?" सेक्रेटरीने तसंच लिहून घेतलं. इतिवृत्तात आमची कुत्री पेशंट आहे.

आता ती तेरा पूर्ण झाली. गेल्या डिसेंबरात मुलगी आठवडाभर आली होती, ती परत गेल्यावर घर जरा ओकंओकं वाटायला लागलं, म्हणून एका रविवारी दुपारी आम्ही रिक्षा केली आणि मढच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. मी, बायको, काकू आणि पायाशी कुत्री. सोबत बर्फाची पिशवी घातलेला थर्मास, त्यात दोन बाटल्या, एक काकूंची आणि एक तिची. उशीर झाला तर अडायला नको.

कोळीवाड्याशी उतरलो. बांबूंवर बोंबील सुकत घातलेले, रांगाच्या रांगा. काकू शाकाहारी. त्यांनी पदर नाकाला लावला. कुत्रीने मात्र नाक वर केलं आणि थांबली. दोन वर्षांत मी तिला असं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. कान पुढे, नाकपुड्या हलतायत, आणि मग तिने पट्टा ओढला. घरात ती मोजून पावलं टाकते. तिथे ती मला ओढत निघाली, सरळ वासाच्या दिशेने.

बांबूंखाली एक म्हातारी कोळीण मासळी निवडत बसली होती. "आंधली हाय काय गो?" तिने बायकोला विचारलं.

"हो मावशी. शुगर आहे तिला."

"मासलीला शुगर काय करतंय," म्हणत तिने एक सुका बोंबील पुढे केला.

बायकोने काकूंकडे पाहिलं, मी काकूंकडे पाहिलं. आमच्या घरात अशा बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा असतो. काकू पदराआडून म्हणाल्या, "खारवलेला आहे का?"

"नाय गो. नुसता उन्हात सुकवलेला."

"मग अर्धा द्या. अर्धाच."

कुत्रीने तो दोन पंजांमध्ये धरला आणि वाळूत आडवी होऊन चघळत बसली, डोकं तिरकं करून, जसं ती मार्केटमागे राहायची तेव्हा काहीबाही चघळत असेल. काकू तिच्यापासून चार हात लांब, वारा येत होता त्या बाजूला बसल्या. चपला काढून त्यांनी पाय वाळूत खुपसले. बायकोने शेंगदाणे काढले. समोर एक होडी ओढून वर घेत होते, आणि दोर ओढणाऱ्यांच्या हाका ऐकून कुत्री मधूनच कान टवकारायची आणि पुन्हा बोंबलाला लागायची.